राखणदाराला झोप लागते तेव्हा

आज आपण एका औषधाचा इतिहास पाहू.

सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन टोचलं. काही दिवसांत त्या चालू लागल्या. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. कातडीच्या डॉक्टरांनीही औषध उचललं. पेम्फिगसमध्ये अंगभर फोड येतात, कातडी सोलवटते. तोवर बहुतेक रोगी त्यात दगावत. आता ते जगू लागले.

पण हे औषध करतं काय? शरीराची जी फौज स्वतःच्याच कातडीवर चालून आलेली असते, तिला ते झोपवतं. आता गंमत पाहा, तीच फौज डोळ्याच्या वेशीवरही पहारा देते! ओठावर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षं दडून असतो. तो जागा झाला की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर झाडाच्या फांदीसारखी जखम करतो. अशा डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब घातले की लाली उतरते आणि जखम पसरते. १९५० च्या दशकात नेत्रवैद्यांना हा धडा मिळाला. त्यावर पहिला खरा उतारा १९६२ साली हर्बर्ट कॉफमन यांनी दाखवला, आयडॉक्सयुरिडिनचा.

पुढे मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन आली. औषधं बदलली, पेच तोच राहिला.

हे आम्ही का सांगतो आहोत? आमचे एक स्नेही पेम्फिगससाठी गोळ्या घेत होते. डोळा लाल झाला. आमच्या घरात जुने थेंब पडलेले होते, तेच आम्ही दिले. त्यात स्टेरॉइड होतं. बाटली वाचण्याची तसदी आम्ही घेतली नाही. दोन दिवस लाली कमी झाली, आम्हाला बरंच वाटलं. आज त्या डोळ्याने त्यांना धूसर दिसतं. ते आम्हाला कधी बोलले नाहीत. आयुष्यभर आम्ही वर्गात ‘लक्षण म्हणजे कारण नव्हे’ हे शिकवलं, आणि घरात विसरलो.

म्हणून एवढंच. अशा गोळ्या चालू असताना डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. गोळ्यांची नावं सांगा. गोळ्या मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका, तेही धोक्याचंच.

आता तुमचे प्रश्न घेऊ.