नगरहून जे.जे.ला

साल १९५५. दौंड-मनमाड लाइनीवरच्या नगर स्टेशनात तुम्ही पहाटेचे उभे आहात. धाकटा भाऊ वळकटीला टेकून बसलाय. चार महिने झाले, उठल्या उठल्या त्याचं डोकं फुटतं, भडभडून उलटी होते. पित्त म्हणून सुंठ-साखर देऊन झाली. नजर अंधुक झाली तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून आत पाहिलं आणि म्हणाले, "मुंबईला न्या. जे.जे. रुग्णालयात गिंडे आहेत, त्यांना दाखवा."

डॉ. राम गिंडे माँट्रियलला मेंदूचे सर्जन पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आलेत. देशभरात मेंदूचे सर्जन बोटांवर मोजण्याइतकेच; वेल्लोरला जेकब चंडी यांनी विभाग उघडला तोही १९४९ मध्ये.

जे.जे.त न्हावी भावाचं डोकं भादरतो. आई तोंड फिरवते. वडील धडधाकट असताना लेकाचं मुंडण तिला बघवत नाही.

एरवी तुम्हाला शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराबाहेरच बसवलं असतं. पण काळ ओलांडून आलेल्याला कोण अडवणार? आत या. स्कॅन अजून जगात नाही, तो लंडनला १९७१ मध्ये येईल. मग मेंदूतली गाठ कुठे आहे हे कळायचं कसं? हवेनं! अमेरिकेतल्या वॉल्टर डँडींची ही १९१८ सालची युक्ती. कातडी बधिर करून कवटीला मागच्या बाजूनं गिरमिटानं दोन भोकं पाडतात. भाऊ जागा आहे, ती घरघर त्याला ऐकू येते. मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी सुईनं काढून त्या जागी हवा भरतात आणि एक्स-रे घेतात. हवा काळी उमटते. उजवी पोकळी चेपून डावीकडे सरकलेली दिसते. गाठ दिसतच नाही. दिसते ती तिनं केलेली दाटी. एवढ्या सावलीवर विसंबून कवटी उघडायची, या धाडसानं माझा अजून श्वास अडकतो.

आता कवटीच्या उजव्या बाजूला नवी भोकं पाडून, त्यांतून दातेरी तार ओवून हाडाची झाकणी कापली जाते. हाड पाझरलं की मेण दाबायचं, नस सुटली की चांदीचा चिमुकला चाप. सूक्ष्मदर्शक नाही, नुसते डोळे आणि बोटं. गाठ कडेकडेनं सुटत येते.

दुसऱ्या दिवशी भाऊ तुम्हाला हाक मारतो. "दादा, पाणी."

आता चौदा वर्षं पुढे, परत नगरला. ३१ जानेवारी १९६९, पिंपळगाव माळवीजवळचं मेहेराझाद. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांचं शरीर आचक्यांनी हादरतंय. मुंबईला गिंड्यांना बोलावणं गेलंय. तुम्ही फाटकाशी उभे आहात. दुपारी सव्वाबाराला बाबा देह ठेवतात. त्यानंतर मोटार येऊन थांबते. दार उघडणारे हात तुमच्या ओळखीचे आहेत.