पडले तरी न मोडणारे घड्याळ : एक धागा

टोकियोच्या पश्चिमेला हामुरा येथे कॅसिओ कंपनीचे संशोधन केंद्र आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील शौचालयाच्या खिडकीतून मनगटी घड्याळे खाली टाकली जात होती. जमीन सुमारे १० मीटर खाली होती. एक तरुण अभियंता घड्याळ टाकी, जिना उतरून खाली जाई, तुकडे गोळा करी आणि पुन्हा वर येई. त्याचे नाव किकुओ इबे. आज पाच-सहा हजार रुपयांत मिळणारे, पोहताना, धावताना, गड चढताना न काढावे लागणारे घड्याळ ज्या वाटेने मनगटावर आले, त्या वाटेचा मोठा भाग या खिडकीतून जातो.

आजच्या खरेदीदाराला टिकाऊपणा आणि स्वस्ताई एकत्र मागणे स्वाभाविक वाटते. विसाव्या शतकाचा बराच काळ तसे नव्हते. मजबूत घड्याळ हे श्रीमंताचे घड्याळ होते, आणि त्याचे कारण यंत्रातच दडलेले होते.

चावीच्या घड्याळाचा प्राण म्हणजे मागेपुढे झुलणारे एक छोटे चक्र, म्हणजेच बॅलन्स व्हील. ते ज्या आसावर फिरते त्याची टोके केसासारखी बारीक असतात. घर्षण कमी व्हावे म्हणून ती बारीकच ठेवावी लागतात. घड्याळ फरशीवर पडले की बहुधा हीच टोके वाकतात वा तुटतात. काच फुटली तर डोळ्यांना दिसते, आस तुटला तर घड्याळ नुसते गप्प होते.

मनगटी घड्याळाला पुरुषांच्या जगात मान मिळाला तोच मुळी रणांगणावर. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात ते स्त्रियांचे आभूषण समजले जाई. पुरुषाचे घड्याळ खिशात, साखळीला. खंदकातील सैनिकाला खिशात हात घालण्याची सवड नव्हती, म्हणून घड्याळ मनगटावर आले आणि त्याबरोबरच पाणी, चिखल व धक्के हे त्याचे शत्रू झाले.

पाण्याचा प्रश्न आधी सुटला. रोलेक्सने १९२६ मध्ये 'ऑयस्टर' हे आट्यांनी घट्ट बंद होणारे कवच आणले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही ब्रिटिश जलतरणपटू इंग्लिश खाडीत उतरली, तेव्हा तिच्या गळ्यात हे घड्याळ होते. गारठ्यामुळे दहाहून अधिक तासांनी तिला बाहेर काढावे लागले, पण घड्याळ चालू होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात झळकली. घड्याळाची सहनशक्ती सर्वांसमोर सिद्ध करून ते विकण्याची प्रथा येथून रुजली.

धक्क्याचे उत्तर मात्र अवघड होते. त्यातले एक गमतीदार उत्तर भारताशी जोडलेले आहे. येथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. त्यावर उपाय म्हणून १९३१ मध्ये 'रिव्हर्सो' निघाले. त्याची चौकट सरकवून उलटी करता येई, म्हणजे काच आत आणि धातूची पाठ बाहेर. खेळाच्या घड्याळाचा हा आरंभीचा नमुना खेळ सुरू असताना वेळच दाखवत नसे! पोलोचे घोडे बाळगणाऱ्यांना ते चालण्यासारखे होते.

खरी प्रगती १९३० च्या दशकात इन्काब्लॉकसारख्या रचनांनी केली. आसाची टोके ज्या माणकांत टेकतात ती माणके पक्की न बसवता बारीक स्प्रिंगखाली ठेवली गेली. धक्का बसला की माणीक किंचित हलते, मग जागेवर येते, आणि आस वाचतो. जपानमध्ये सिटिझनने १९५६ मध्ये याच तत्त्वावरचे 'पॅराशॉक' घड्याळ काढले आणि हेलिकॉप्टरमधून खाली टाकून लोकांना दाखवले. पुढे सिटिझनच्याच सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला. दहावी पास झाल्यावर किंवा लग्नात मिळालेले 'जनता' ज्यांच्या घरी अजून जपून ठेवलेले आहे, त्यांनी त्याची तबकडी निरखावी. '१७ ज्वेल्स'च्या सोबतीला 'पॅराशॉक' हा शब्द बहुधा तेथे आढळेल.

अमेरिकेत टायमेक्सने स्वस्त घड्याळ टिकाऊ असू शकते हे १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीवर घसा फोडून सांगितले. बोटीच्या इंजिनाच्या पंख्याला घड्याळ बांधून ते पाण्यात फिरवले जाई. एकदा थेट प्रक्षेपणात ते सुटून पडले आणि निवेदकाची पंचाईत झाली, तरीही विक्री वाढतच राहिली. लोकांना हेच हवे होते.

मग क्वार्ट्झ आले. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने विक्रीस आणलेल्या 'अॅस्ट्रॉन'ची किंमत साडेचार लाख येन होती. त्या पैशात एक छोटी मोटार येई. परंतु पुढील दहा वर्षांत क्वार्ट्झ यंत्र इतके स्वस्त झाले की अचूकपणा ही श्रीमंतीची खूण उरली नाही. झुलते चक्रही गेले. तरी घड्याळ नाजूकच राहिले, किंबहुना अधिकच, कारण जपानी बाजारात स्पर्धा लागली होती ती पातळपणाची.

अशा वातावरणात इबे यांनी १९८१ मध्ये कंपनीला जो प्रस्ताव दिला तो अवघ्या एका ओळीचा होता : पडले तरी मोडणार नाही असे घड्याळ. रचना नाही, आकृती नाही, खर्चाचा अंदाज नाही. पार्श्वभूमी दोन घटनांची होती. वडिलांनी दिलेले घड्याळ कोणाचा तरी धक्का लागून त्यांच्या मनगटावरून निसटले व जमिनीवर विखुरले. दुसरी घटना अधिक महत्त्वाची मानावी लागेल. रस्ता फोडणारे कामगार मनगटावर घड्याळच बांधत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. ड्रिलच्या हादऱ्यांत टिकणारे घड्याळ अस्तित्वातच नव्हते. पोलो खेळणाऱ्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी उत्तर शोधले गेले होते, रस्ता खोदणाऱ्यासाठी नव्हते.

तीन जणांचा छोटा गट बनला. उद्दिष्ट तीन दहांचे ठरले : १० मीटरवरून पडून टिकावे, १० बार इतका पाण्याचा दाब सोसावा, बॅटरी १० वर्षे चालावी. त्यातल्या पहिल्या दहाचे धाडस समजण्यासाठी एक तुलना पुरे. घड्याळाला 'शॉक रेझिस्टंट' म्हणण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १४१३, हे १ मीटर उंचीवरून कठीण लाकडी जमिनीवर पडण्याइतका धक्का गृहीत धरते. इबे त्याच्या दहापट मागत होते.

पहिला विचार सगळ्यांना सुचेल तोच होता, बाहेरून रबर गुंडाळणे. खिडकीतून टाकल्यावर घड्याळ वाचेपर्यंत रबर इतके वाढले की मनगटावर चेंडू बांधल्यासारखे झाले. मग धक्का पाच टप्प्यांत शोषून घेणारी रचना तयार झाली. आकार आटोक्यात आला, पण नवे संकट उभे राहिले. प्रत्येक वेळी आतला एकच भाग मोडे. पडदा मजबूत केला तर कॉइलची तार तुटे, तार सावरली तर क्वार्ट्झचा स्फटिक तडके. जे भक्कम करावे त्याच्या शेजारचे दुबळे ठरे. दोनशेहून अधिक नमुने खर्ची पडले आणि इबे राजीनाम्याचा विचार करू लागले.

उत्तर सापडले ते एका बागेत. एक मुलगी चेंडू टप्पे देत खेळत होती. चेंडूच्या पोटात घड्याळाचे यंत्र तरंगत असेल तर धक्का त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही, हे इबे यांच्या लक्षात आले. त्यांनी यंत्र कवचात घट्ट बसवण्याऐवजी थोड्याच बिंदूंवर टेकवले आणि भोवती पोकळी ठेवली. ही कथा कंपनीने पुढे इतक्यांदा सांगितली की तिला दंतकथेची झिलई चढली आहे. तरी तिच्यातले अभियांत्रिकी सत्य पक्के आहे, आणि इन्काब्लॉकच्या हलत्या माणकाशी त्याचे नाते उघड आहे. दोन्हीकडे नाजूक भागाला कठीण केलेले नाही, त्याला हलण्याची मुभा दिली आहे.

एप्रिल १९८३ मध्ये 'डीडब्ल्यू-५०००सी' बाजारात आले. आत पोलादी कवच, बाहेर युरेथेनचे जाड आवरण, किंमत ११,४०० येन. पातळ घड्याळांच्या जपानमध्ये त्या ठोकळ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढील वर्षी अमेरिकेतील जाहिरातीत आइस हॉकीचा खेळाडू चकतीऐवजी घड्याळच काठीने टोलवताना दाखवला गेला. ही अतिशयोक्ती आहे अशी टीका झाली. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने खरोखर तसा प्रयोग केला, घड्याळावरून ट्रकही नेला, आणि घड्याळ चालतच राहिले. अग्निशामक, पोलीस, सैनिक ते घालू लागले. जपानमध्ये ते लोकप्रिय झाले १९९० च्या दशकात, अमेरिकेहून परतून आलेली फॅशन म्हणून. २०१७ पर्यंत जगभर दहा कोटींहून अधिक जी-शॉक रवाना झाली होती. आज त्याच नावाची लाखो रुपयांची टायटॅनियमची घड्याळेही मिळतात. रस्त्यावरचा कामगार त्यांचे गिऱ्हाईक नाही.

त्याच्या मनगटावर पोहोचले ते याच कंपनीचे दुसरे घड्याळ, १९८९ चे 'एफ-९१डब्ल्यू'. प्लॅस्टिकचे, २१ ग्रॅम वजनाचे, सुमारे सात वर्षे बॅटरी चालणारे, महिन्याला फार तर ३० सेकंद मागेपुढे होणारे. त्याच्यावर नुसते 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेले असते. त्याचा अर्थ घाम आणि पावसाचे थेंब एवढाच. पोहण्यासाठी घड्याळ घेणाऱ्याने तेथे निदान '१० बार' किंवा '१०० मीटर' शोधावे, आणि तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा आहे, तितके खोल बुडी मारण्याचा परवाना नव्हे, हेही जाणावे.

स्वस्त, अचूक आणि सर्वत्र उपलब्ध असण्याची किंमत या घड्याळाने वेगळ्याच ठिकाणी चुकवली. ते बॉम्बच्या टायमरसाठी वापरले गेल्याचे आढळल्यावर अमेरिकी तपासयंत्रणांनी ते घालणे हीच संशयाची खूण मानली. ग्वांतानामोच्या कैद्यांवरील जे अहवाल २०११ मध्ये उघड झाले, त्यांतील अनेकांत मनगटावरचे कॅसिओ पुराव्यासारखे नोंदलेले होते. हे घड्याळ तर जगात लक्षावधी लोक घालतात, असे कैद्यांनी सांगितले होते. ते खरेच होते. एफ-९१डब्ल्यू आजही जवळजवळ त्याच रूपात बनते आणि दीड-दोन हजार रुपयांच्या आत मिळते.