हाताला चाळा, जिवाला विसावा

आम्ही डिलाईल रोडच्या बचत गटातल्या बायका. आजचा विषय आहे कॅन्सरवर उपचार चालू असताना हाताने करायच्या लहानसहान गोष्टींचा. विणकाम, भरतकाम, गोधडी, वाती, रांगोळी, चित्रं. कुणी म्हणेल, यात इतिहास तो काय? पण आपल्या भागाला हा इतिहास आहे, आणि तो करी रोडचा पूल ओलांडला की परळमध्येच घडला आहे.

आधी आपल्या हातांबद्दल बोलू. डिलाईल रोडला आता कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग म्हणतात. जोशींनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. त्यानंतर दहा-बारा वर्षांत इथल्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. आपल्या रस्त्यावर 32 चाळी आणि 160 चौरस फुटांची एकेक खोली. तेवढ्या जागेत घरची माणसं, गावाहून आलेला दीर, पाळी बदलून येणारे गाववाले, सगळे. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांमध्ये साधारण पाच कामगारांत एक बाई असायची. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात सूत गुंडाळण्याचं काम बायकांचं. गिरणीत आठ-दहा तास सूत हाताळायचं आणि घरी येऊन जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची. पुढे गिरण्यांतून बायका कमी होत गेल्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि पुरुषांचाही पगार थांबला. मग घर कुणी चालवलं ते तुम्हाला सांगायला नको. खानावळी, पापड, शिवणकाम, हार, राख्या. डझनावर पैसे मिळायचे.

म्हणून आपल्याकडे ‘छंद’ हा शब्द बायकांच्या तोंडी फारसा आलाच नाही. हातात सुई आली ती पोटासाठी किंवा घरासाठी. रिकामं बसणं म्हणजे गुन्हा. ही सवय आजारपणात आड येते. आमच्या गटातल्या एका ताईंना किमो चालू असताना आम्ही लोकर नेऊन दिली, तर त्यांनी पहिलं विचारलं, “याचे किती सुटतील?” त्या हसत म्हणाल्या, पण प्रश्न खरा होता. आज आपण याच प्रश्नापाशी येणार आहोत.

आता पूल ओलांडून परळला जाऊ. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढल्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टच्या पैशातून परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. 28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी त्याचं उद्घाटन केलं. 1957 मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. देशभरातून माणसं येतात. केस पेपर, फाईल, तपासण्या, पुढची तारीख. उपचार काही तासांचा आणि वाट पाहणं महिनोन्‌महिन्यांचं. राहायचं कुठे? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती, अशी ठिकाणं म्हणूनच उभी राहिली. पण डोक्यावर छप्पर मिळालं तरी दिवस कसा काढायचा हा प्रश्न उरतोच.

टाटाच्या शेजारीच केईएम. 1926 साली सुरू झालेलं महापालिकेचं हॉस्पिटल. तिथे 1950 साली एका बाईंनी देशातली पहिली ‘व्यवसायोपचार’ शिकवणारी शाळा सुरू केली. त्यांचं नाव कमला निंबकर. जन्माने त्या अमेरिकन, क्वेकर पंथाच्या एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या आणि कमला झाल्या. 1940 च्या दशकात त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, ही विद्या शिकल्या आणि ती परळला घेऊन आल्या. 1952 साली त्यांनी देशातल्या व्यवसायोपचार तज्ज्ञांची संघटना बांधली. त्याच वर्षी दहा देशांनी मिळून जागतिक संघटना स्थापन केली, त्या दहांत भारत होता. 1958 मध्ये नागपूरलाही शाळा निघाली. फलटणचं कमला निंबकर बालभवन ऐकून असाल, ते नाव यांचंच.

ही विद्या आली कुठून? 1917 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी डॉक्टर, शिक्षिका, आर्किटेक्ट अशी काही माणसं एकत्र बसली. आजारी माणसाला नुसतं खाटेवर पडू दिलं तर तो आणखी खचतो, त्याच्या हाताला आणि मनाला जमेल असं काम दिलं तर तो सावरतो, हा त्यांचा विचार. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक परतत होते. त्यांना टोपल्या विणणं, हातमाग, लाकूडकाम शिकवायला शेकडो बायका दवाखान्यांत नेमल्या गेल्या. टोपली विकायची म्हणून नव्हे, तर ती विणताना बोटं वळतात, खांदा हलतो आणि संध्याकाळी ‘आज मी एवढं केलं’ असं म्हणता येतं म्हणून.

‘व्यवसायोपचार’ या शब्दाची एक गंमत आहे. व्यवसाय म्हटलं की आपल्याला धंदा आठवतो. पण इथे व्यवसाय म्हणजे माणूस ज्यात गुंततो ते. अंघोळ करणं, वेणी घालणं, भाकरी थापणं, लोकर विणणं, सगळं त्यात येतं. आपल्या आज्यांकडे यासाठी शब्द होताच. त्या म्हणायच्या, “हाताला काहीतरी चाळा हवा.” काम वेगळं, चाळा वेगळा. कामाला हिशेब असतो, चाळ्याला नसतो. म्हातारपणी, दुखण्यात, सुतकात बायका कापूस घेऊन बसायच्या. फुलवाती, लांब वाती, देवाची वस्त्रं. तळव्यावर कापूस फिरतो, बोटांना ओल लागते, शेजारीण येऊन बसते, गप्पा होतात. ना कुणी मोजायला, ना घाई करायला.

आता उपचारात हा चाळा कसा धरायचा ते पाहू. हे आम्ही डॉक्टरांना आणि व्यवसायोपचार तज्ज्ञांना विचारून, आणि आपल्याच बायकांच्या अनुभवावरून सांगतो आहोत. आधी एक गोष्ट स्पष्ट करू. विणकामाने कॅन्सर बरा होत नाही. औषध सोडून सुई धरायची नाही. चाळा उपचाराच्या सोबतीला असतो.

किमो चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, कधी प्लेटलेटही उतरतात. त्या दिवसांत सुई टोचली तर जंतूंची भीती, रक्त लवकर न थांबण्याची भीती. म्हणून तेव्हा सुई-कात्री बाजूला ठेवायची. वाती वळाव्यात, पण कापूस स्वच्छ हवा. रंगीत पेन्सिलींनी चित्र भरावं. मोठ्या मण्यांची माळ ओवावी. कुंडीतल्या मातीतही बुरशी आणि जंतू असतात, तेव्हा झाडांची हौस असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं आणि मातीला हात लावायची जबाबदारी घरच्या कुणाला तरी द्यायची.

काही औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात, मुंग्या येतात. बारीक भरतकाम जमत नाही आणि बाईला वाटतं, आपला हात गेला. हात गेलेला नसतो. जाड लोकर आणि जाड क्रोशा घ्यावा. किंवा क्रोशाही सोडून नुसत्या बोटांवर लोकरीची साखळी विणावी. डॉक्टरांना मात्र हे सांगायचंच, कारण औषधाचं प्रमाण ठरवताना त्यांना ते कळावं लागतं.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची शक्यता पुढे कित्येक वर्षं राहते. त्या हाताला टोचणं, भाजणं, कापणं टाळायचं. शिवताना अंगुस्ताना घालायचा. एकाच हालचालीत तासभर अडकायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली की हात खाली ठेवून शिकवलेला व्यायाम करायचा. हात लाल झाला, गरम लागला, सुजला, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, लगेच दाखवायचं.

वासाने उमळून येतं, तेव्हा ऑइल पेंट, कापडावरचे रंग, उग्र गोंद घरात नकोत. किमोच्या आसपास दिलेल्या काही गोळ्यांनी रात्री झोप लागत नाही. तेव्हा अंधारात छताकडे बघत पडण्यापेक्षा लहान दिवा लावून धावदोरा घालावा. टाके मोजायचं विणकाम मात्र तेव्हा नको. उपचारात विसरायला होतं, मोजणी चुकते आणि मग स्वतःचाच राग येतो. धावदोऱ्यात मोजायला काही नाही. पुढे गेलं की झालं. आपल्या गोधडीची गंमतच ही. एक टाका लांब पडला, एक आखूड, तरी ती ऊब देतेच.

आणि थकवा. हा झोपून जाणारा थकवा नव्हे. त्यामुळे ‘आज एक ओळ’ एवढंच ठरवायचं. ती झाली नाही तर नाही झाली.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे वळू. “याचे किती सुटतील?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजारात कमाई थांबते आणि खर्च दुप्पट होतो. डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी 1951 साली स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने परळला रुग्णांसाठी पुनर्वसन केंद्र चालवलं, ते याच विचाराने. आजारातून उठणाऱ्या माणसाला हाताचं काम मिळावं, चार पैसे मिळावेत, ‘आपण निकामी झालो’ असं वाटू नये. हेही बरोबरच आहे. 1975 साली प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हापासून आपण हेच शिकलो की बाईच्या कष्टाला किंमत असते आणि ती तिच्या हातात पडली पाहिजे.

पण मैत्रिणींनो, या दोन गोष्टी एकत्र केल्या की घोळ होतो. दुखण्यातल्या बाईला आपण प्रेमाने म्हणतो, “अगं किती छान केलंस, प्रदर्शनात ठेवू.” झालं. चाळ्याचं काम झालं. मग डझन, मग तारीख, मग ‘अजून झालं नाही का’. सलाईन लावलेल्या हाताने ती ऑर्डर पुरी करत बसते आणि आपल्याला वाटतं, हिचं मन रमलं आहे.

म्हणून आमच्या गटात आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. पैशाची अडचण असेल तर ती गटाच्या बैठकीत पैसा म्हणूनच मांडायची. हप्ता पुढे ढकलणं, अंतर्गत कर्ज, सरकारी योजनेचे कागद जमवणं, हे आपलं काम आहे. त्याच्या बदल्यात तिने काही विणून द्यायचं नाही. आणि तिने हाताला लावून घेतलेली वस्तू तिची. ती अर्धी राहिली तरी चालेल, उसवली तरी चालेल, कुणाला दाखवली नाही तरी चालेल. बरी झाल्यावर तिला विकायला काम हवं असेल तर ते तिने मागायचं, आपण लादायचं नाही.

एक गोष्ट मात्र आपण धडधाकट बायका करू शकतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बार्बरा डेमोरेस्ट यांनी 2011 मध्ये स्तन काढलेल्या बायकांसाठी मऊ सुताचे विणलेले स्तन करून वाटायला सुरुवात केली. हलके, धुता येणारे, ब्लाऊजमध्ये सहज बसणारे. मुंबईतली साईशा ही संस्था तेच काम आपल्याकडे करते. स्वयंसेविका क्रोशावर विणतात आणि गरजू बाईला ते फुकट दिलं जातं. बाजारातला सिलिकॉनचा स्तन सगळ्यांना परवडत नाही आणि उन्हाळ्यात घामाने नकोसा होतो. ज्यांच्या बोटांत क्रोशाची कला आहे त्यांनी ही विद्या शिकून घ्यावी. घाई, मोजदाद, सुबक टाका, हे सगळं इथे कामाला येईल. ते ओझं निरोग्या हातांनी उचलावं.

ज्यांच्या घरी कुणी उपचार घेत आहे त्यांनी उद्या एवढंच करा. बाजारातून महागडं किट आणू नका. एक झाकणाची डबी घ्या. स्वच्छ कापूस, थोडी जाड लोकर, एक क्रोशा, सुती साडीचे धुतलेले दोन तुकडे, वही आणि रंगीत पेन्सिली. फाईलच्या पिशवीत मावेल एवढीच डबी. ती जवळ ठेवा आणि ‘काय केलंस’ असं विचारू नका. जमलं तर शेजारी बसा आणि तुम्हीही एक वात वळा.

सरकारी योजनांचे कागद कसे जमवायचे, यावर पुढच्या वेळी बोलू. तोवर काही विचारायचं असेल तर गटाच्या बैठकीला या.