सौंदर्याची मोजपट्टी

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी महाभारतातील एक नाट्यप्रवेश बसवावयाचा होता. द्रौपदीच्या भूमिकेसाठी दोन मुली पुढे आल्या. एकीची वाणी स्वच्छ, पाठांतर चोख आणि उभे राहण्यात स्वाभाविक करारीपणा. दुसरी या सर्व बाबतींत सामान्य, परंतु वर्णाने गोरी. आम्ही दुसरीची निवड केली आणि पहिलीला पडद्याआडून संवाद सुचविण्याचे काम दिले. तालीम संपल्यावर ती मुलगी आमच्यापाशी येऊन एवढेच म्हणाली, "सर, द्रौपदीचे एक नाव कृष्णा होते ना? आपणच वर्गात सांगितले होते."

आम्हांस उत्तर सुचले नाही. महाभारतकारांनी जिला सावळी आणि लोकोत्तर सुंदर म्हणून वर्णिले, तिच्यासाठी आम्ही गोरी मुलगी का शोधली? ही मोजपट्टी आमच्या हाती कोणी दिली? त्या प्रश्नाने आम्हांस पुष्कळ वाचावयास लावले. त्याचे सार येथे मांडीत आहो.

सौंदर्य मापता येते ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पॉलिक्लायटस या ग्रीक शिल्पकाराने 'कॅनन' म्हणजे 'मानदंड' या नावाचा ग्रंथ लिहून अवयवांची परस्परप्रमाणे सांगितली आणि भाला धारण केलेल्या तरुणाचा कांस्यपुतळा घडवून ती प्रत्यक्ष दाखविली. आज तो ग्रंथही नाही आणि तो पुतळाही नाही. रोमन कारागिरांनी केलेल्या संगमरवरी प्रतिकृती तेवढ्या उरल्या आहेत. आपल्याकडील शिल्पशास्त्रातही 'ताल' हे परिमाण धरून मूर्तीची उंची ठरवीत. परंतु तेथे देवतेस एक प्रमाण, मनुष्यास दुसरे आणि वामनास तिसरे होते. ही मापे मूर्तिकाराच्या उपयोगाची होती.

या शोधात ज्याने सर्वांत अधिक कष्ट घेतले आणि सर्वांत प्रामाणिक निष्कर्ष काढला, तो न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर होय. सुंदर शरीराचे एकच गुपित प्रमाण असले पाहिजे, अशा श्रद्धेने त्याने आरंभ केला व कित्येक स्त्रीपुरुषांची मापे घेतली. मात्र १५२८ साली, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, मानवी प्रमाणांवरील त्याचे चार भाग प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांत एका आकृतीऐवजी स्थूल, कृश, उंच, ठेंगण्या अशा अनेक आकृती होत्या. परिपूर्ण सौंदर्य म्हणजे काय हे आपणांस ठाऊक नाही, अशी कबुली त्याने देऊन ठेविली. दुर्दैवाने पुढील काळाने त्याची मापे घेतली, कबुली घेतली नाही.

अठराव्या शतकात ही मोजपट्टी शिल्पशाळेतून शरीरशास्त्रात शिरली. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रस काम्पर याने १७७० साली ॲमस्टरडॅम येथील चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे 'मुखकोना'चा सिद्धांत मांडला. चेहरा बाजूने पाहता कपाळापासून वरच्या जबड्यापर्यंतची रेषा आडव्या रेषेशी जो कोन करते, तो त्याने मोजला. त्याच्या हिशेबात ओरांगउटान ५८ अंश, आफ्रिकी मनुष्य ७०, युरोपीय ८० आणि ग्रीक पुतळा १०० अंश! वाचकहो, ही शिडी नीट पाहावी. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर कोणीही जिवंत मनुष्य उभा नाही, दगडाची मूर्ती उभी आहे. आणि त्या मूर्तीशी तुलना करून हाडामांसाच्या माणसांना खालच्या पायऱ्या वाटून दिल्या आहेत. स्वतः काम्पर सर्व मानवजात एक मानणारा होता; परंतु शिडी एकदा उभी केल्यावर तिचा उपयोग कोणी कसा करावा, हे करणाऱ्याच्या हाती राहत नाही.

१७९५ साली गटिंगेनच्या ब्लूमेनबाख याने मानवजातीच्या पाच शाखा सांगताना युरोपीय शाखेस 'कॉकेशियन' हे नाव दिले. त्याचे एक कारण असे की, त्याच्या संग्रहातील जॉर्जियाच्या एका स्त्रीची कवटी त्याला सर्वांत सुंदर वाटली. ती दुर्दैवी स्त्री बंदी म्हणून मॉस्कोस आणली गेली होती व तेथेच वारली. एका विद्वानाच्या आवडीतून निघालेले नाव जगभरच्या ग्रंथांत व सरकारी कागदांत शास्त्र म्हणून रुजले.

आपला देशही त्यातून सुटला नाही. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे लांबीशी प्रमाण काढून, नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा नियम बसविला. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली तीच आकडेवारी तपासून दाखविले की, उत्तर हिंदुस्थानातील काही भाग सोडता हे गणित जुळत नाही. पुढे १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशाच मापांच्या आधारे सिद्ध केले की, ब्राह्मण व अस्पृश्य हे निराळ्या वंशांचे नव्हेत. मोजपट्टी मोजणाऱ्यावरच उलटली!

मग सौंदर्याविषयी शास्त्राला काहीच सांगता येत नाही काय? येते. १८७८ च्या सुमारास फ्रान्सिस गॉल्टन याने गुन्हेगारांची अनेक छायाचित्रे एकावर एक उमटवून गुन्हेगाराचा नमुना शोधू पाहिला; पण मिश्रणातून निघालेला चेहरा मूळच्या प्रत्येकापेक्षा देखणा निघाला! १९९० साली लँगलॉय व रॉगमन या अमेरिकन संशोधक स्त्रियांनी संगणकाने चेहऱ्यांच्या सरासऱ्या काढल्या, तेव्हाही बत्तीस चेहऱ्यांची सरासरी बहुतेक मूळ चेहऱ्यांहून लोकांस अधिक आवडली. समतोल ठेवण व निरोगी त्वचा यांविषयीही देशोदेशींच्या लोकांत बरेच एकमत आढळते.

परंतु सरासरी कोणाची? २००५ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवजात बालकांनी कोणत्याही वंशाच्या चेहऱ्यास पसंती दाखविली नाही. तीन महिन्यांची बालके मात्र भोवती नित्य दिसणाऱ्या वंशाच्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहू लागली. प्रौढांना काही मिनिटे विकृत केलेले चेहरे दाखविले, तर त्यांची चांगल्या चेहऱ्याची कल्पनाही त्या दिशेस सरकते, असे २००३ सालच्या प्रयोगांत दिसून आले. म्हणजे सरासरीची ओढ निसर्गाची असली, तरी ती ज्या चेहऱ्यांतून निघते ते चेहरे आपल्यापुढे समाज ठेवतो.

शिक्षकांची जबाबदारी येथेच सुरू होते. रंगभूमीवर, पाठ्यपुस्तकातील चित्रात, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यासाठी आपण कोणास पुढे उभे करतो, यावरून शेकडो मुलांच्या डोळ्यांतील मोजपट्टी घडत असते. ती आपण नकळत घडवितो, म्हणून दोष उणा होत नाही.

पुढील वर्षी भूमिका वाटताना आम्ही पडद्यापलीकडे बसलो आणि मुलांचे केवळ वाचन ऐकले. नावे नंतर विचारली. निवडलेल्या मुलांकडे पाहून आमचे आम्हांसच नवल वाटले. ती मुलगी मात्र तोवर शाळा सोडून गेली होती.