लेमिन्स्टरचा गुलाबी पक्षी

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या आईबाबांचा सकाळचा कार्यक्रम ठरलेला असतो. चहा घ्यायचा, बूट चढवायचे आणि आसपासच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारून यायचं. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. घरं एका छापाची, हिरवळ एका मापात कापलेली. आणि मध्येच कुणाच्या तरी अंगणात दोन भडक गुलाबी फ्लेमिंगो उभे! एकाची मान ताठ, दुसऱ्याची चोच गवतात. अंग प्लास्टिकचं आणि पायांच्या जागी धातूच्या दोन सळ्या. बघणाऱ्याला हसू येतंच, आणि ‘हौस एकेकाची’ म्हणून तो पुढे जातो. ही हौस जन्माला घालणारा माणूस मात्र रीतसर शिकलेला शिल्पकार होता.

त्याचं नाव डॉन फेदरस्टोन. जन्म 1936 चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरचा. तिथल्या कलासंग्रहालयाच्या शाळेत शिकून तो बाहेर पडला आणि 1957 मध्ये जवळच्या लेमिन्स्टर गावातल्या ‘युनियन प्रॉडक्ट्स’ या कारखान्यात नोकरीला लागला. लेमिन्स्टर हे प्लास्टिकवाल्यांचं गाव. आधी तिथे शिंगाचे कंगवे बनत, मग सेल्युलॉइडचे, आणि त्या ओघात प्लास्टिक आलं. कारखाना अंगणात खोचायच्या शोभेच्या वस्तू करायचा, पण त्या पुठ्ठ्यासारख्या चपट्या असत. त्यांना गोलाई आणायची, हे या नव्या पोराचं काम.

एकदा त्याच्याकडे बदकाचं काम आलं. पठ्ठ्याने खरंच एक बदक विकत आणलं, त्याला चार्ली म्हणू लागला, त्याला समोर ठेवून नमुना घडवला आणि काम झाल्यावर जवळच्या एका उद्यानात सोडून दिलं. मग फ्लेमिंगोची पाळी आली. मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत फ्लेमिंगो कुठून आणणार? ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकातली छायाचित्रं पुढ्यात ठेवून त्याने भागवलं. म्हणजे अमेरिकेतला हा सर्वांत ओळखीचा फ्लेमिंगो घडवताना खरा फ्लेमिंगो समोर नव्हताच. पण फोटोवरून काम करूनही त्याने एक गोष्ट नेमकी टिपली. एकटा पक्षी केविलवाणा दिसतो. एक मान वर काढून पाहणारा आणि एक चरणारा अशी जोडी ठेवली की त्यांचं आपापसात काहीतरी चाललंय असं वाटतं. माझ्या मते सगळी गंमत त्या दुसऱ्या, खाली वाकलेल्या मानेत आहे. सिअर्सच्या कॅटलॉगमध्ये जोडीची किंमत होती 2 डॉलर 76 सेंट.

फ्लेमिंगोच का? त्याचं उत्तर फ्लोरिडात आहे. तिथले फ्लेमिंगो मांसासाठी आणि पिसांसाठी मारून मारून एकोणिसाव्या शतकाअखेर जवळपास संपवले गेले होते. पुढे 1920 च्या सुमारास मायामी बीचवर श्रीमंतांसाठी आलिशान हॉटेल उभं राहिलं, त्याचं नाव ‘फ्लेमिंगो’. 1946 मध्ये लास वेगासमध्येही एक ‘फ्लेमिंगो’ आलं. खरा पक्षी दिसेनासा झाला, त्याच्या नावावर ऐश मात्र सुरू राहिली. युद्धानंतर साधा नोकरदारही सुटीत मोटारीने फ्लोरिडाला जाऊ लागला आणि तिथली हवा थोडी घरी आणावीशी त्याला वाटू लागली. घर कुठलं, तर नव्या वसाहतीतलं, शेजाऱ्याच्या घरासारखंच हुबेहूब. पावणेतीन डॉलरात ते वेगळं दिसायला लागलं. प्लास्टिक येण्याआधी हिणकस आवड फक्त श्रीमंतांनाच परवडायची, असं फेदरस्टोन गमतीने म्हणत असे.

श्रीमंतांनी नाकं मुरडली, ती अर्थात या स्वस्ताईमुळेच. साठीच्या दशकात निसर्गाची ओढ वाढली, ‘प्लास्टिक’ ही शिवी झाली आणि गुलाबी फ्लेमिंगो गावंढळपणाची खूण ठरला. आपल्याकडे बागेत तोंड वासून ‘मला वापरा’ म्हणत उभा असलेला सिमेंटचा पेंग्विन आठवा. त्याच्याकडे आपण बघतो, तसंच. 1972 मध्ये जॉन वॉटर्सने मुद्दाम किळसवाणा सिनेमा काढला आणि त्याला ‘पिंक फ्लेमिंगोज’ हेच नाव दिलं. मग हळूहळू वारं फिरलं. 1979 मध्ये मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात टवाळखोर विद्यार्थी नेत्यांनी डीनच्या कार्यालयासमोरच्या टेकडीवर 1,008 फ्लेमिंगो रोवून ठेवले. तीस वर्षांनी, 2009 मध्ये, त्याच शहराच्या नगर परिषदेने प्लास्टिकच्या फ्लेमिंगोला अधिकृत नगरपक्षी जाहीर केलं!

आता तो शहाण्यासुरत्यांच्या अंगणातही चालतो, पण ‘आम्हाला माहीत आहे हे भडक आहे’ असा डोळा मारत. मला विचाराल तर ज्या बाईने 1957 मध्ये तो मनापासून आवडला म्हणून काखोटीला मारून घरी नेला, तिचीच रसिकता जास्त खरी. फेदरस्टोननेही कधी लाज बाळगली नाही. 1996 मध्ये त्याला कलेसाठी इग नोबेल, म्हणजे हसवून विचारात पाडणारं पारितोषिक मिळालं. तो आणि त्याची बायको नॅन्सी कितीतरी वर्षं रोज एकाच कापडाचे कपडे घालत, हे कळल्यावर जोडीचा हट्ट कुठून आला असेल, हे निराळं सांगायला नको.

खरा पक्षी पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत त्यांचे थवे उतरतात, आणि ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवणाऱ्या नवी मुंबईने रस्त्याकडेला त्यांचे पुतळेही उभारलेत.

तिकडे अमेरिकेत प्लास्टिकच्या पक्ष्यांवर एक प्रेमळ खंडणीही चालते. एखाद्या संस्थेला निधी हवा असला की मुलं रात्रीत कुणाच्या तरी अंगणात प्लास्टिकचा थवा रोवून जातात. सकाळी घरमालकाने देणगी द्यायची, मग थवा उठतो आणि बहुधा त्यानेच सुचवलेल्या शेजाऱ्याच्या दारात बसतो.

युनियन प्रॉडक्ट्स 2006 मध्ये बंद पडली. साचे विकले गेले, आणि आता शेजारच्याच फिचबर्ग गावातली केडो प्रॉडक्ट्स त्यांतून फ्लेमिंगो काढते. फेदरस्टोन 2015 मध्ये गेला. नकली मालाचा सुळसुळाट झाल्यावर 1987 पासून त्याची सही मूळ पक्ष्यावर कोरली जाऊ लागली. ती मध्यंतरी गाळली, तेव्हा चाहत्यांनी बहिष्काराची हाक दिली होती. तेव्हा कुणाच्या अंगणात फ्लेमिंगो भेटलाच, तर घरमालकाला विचारून त्याच्या शेपटीखाली नजर टाका. अस्सल पक्ष्यावर फेदरस्टोनची सही बहुधा तिथेच असते.