आजीच्या डब्यातली पांढरी पावडर

आजच्या एपिसोडची सुरुवात सातपूरला, आमच्या घराच्या पोटमाळ्यावर झाली.

लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा परसात पाच गावरान कोंबड्या आणल्या. कोड लिहून डोकं पिकलं की त्यांच्याकडे बघत बसायचं, एवढाच उद्देश. यंदा उन्हाळ्यात त्या संध्याकाळी खुराड्यात शिरेनात. रात्री मोबाइलचा टॉर्च मारला तर फळीच्या फटीत लालसर ठिपके सरकत होते. हे माइट. आपण सगळ्यांनाच पिसवा म्हणून मोकळे होतो, पण हे आठ पायांचे, कोळ्याच्या कुळातले. दिवसा फटीत लपायचं, रात्री रक्त प्यायचं. उपाशी राहूनसुद्धा ते कित्येक महिने तग धरतात.

बाबा म्हणाले, "वर बघ, आईची पावडर असेल अजून."

होती की! दूध पावडरच्या गंजलेल्या डब्यात, लेबल नाही, कुबट वास. बाबांच्या भाषेत 'गॅमेक्सिन'. आजी ती फडक्यात बांधून पुरचुंडी कोंबडीच्या पंखाखाली आपटायची. मग हात पदराला पुसून भाकरी थापायला बसायची.

मी डबा खाली ठेवला आणि गुगल उघडलं. झोपायला तीन वाजले.

गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी. हे रसायन 1825 मध्ये मायकेल फॅरेडेनं बनवलं होतं. हो, विजेवाला फॅरेडे! त्यानं किडे मरतात हे कळायला मात्र 1940 चं दशक उजाडलं. गंमत म्हणजे साध्या बीएचसीत कामाचा भाग जेमतेम 10 ते 15 टक्के. बाकीचा किडे फारसे मारत नाही, पण मातीत आणि चरबीत वर्षानुवर्षं टिकून राहतो. त्याच्या थोडं आधी डीडीटी आलं होतं. पॉल म्युलरला त्यासाठी 1948 मध्ये नोबेल मिळालं, आणि 1953 पासून आपल्याकडे मलेरियासाठी घराघरांत फवारणी झाली. सरकारच भिंतीवर मारतंय म्हटल्यावर आजीनं कोंबडीला मारायला का घाबरावं? तिला अडाणी म्हणणं मला पटत नाही. 1997 मध्ये बीएचसीवर देशात बंदी आली. आमच्या पोटमाळ्यापर्यंत ती बातमी पोचलीच नाही.

मग कार्बारिल, म्हणजे 'सेव्हिन'. कोंबड्यांच्या उवा-माइटसाठी जगभर वापरलेली पावडर. भोपाळचा कारखाना हीच बनवायचा. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री जो वायू सुटला, तो याच्याच कच्च्या मालाचा. हे वाचून मी दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला. आणि कार्बारिलवर आपल्याकडे बंदी कधी? 2018. त्याच आदेशात डायक्लोरव्हॉस होतं, म्हणजे आपलं ओळखीचं 'नुवान'. त्याला 31 डिसेंबर 2020 पर्यंत मुदत दिली होती.

सगळ्यात जवळची गोष्ट 2017 ची. नेदरलँड्समध्ये एक कंपनी माइट मारायला निलगिरी-पुदिन्याचं 'नैसर्गिक' औषध फवारत होती. आत निघालं फिप्रोनिल! कुत्र्याच्या गोचिडांवर चालतं, पण युरोपात खाण्याच्या जनावरांवर बंदी. ते चरबीत विरघळतं, म्हणून बलकात उतरतं. लाखो अंडी फेकली गेली. त्याच ऑगस्टमध्ये युरोपनं फ्लुरालेनरला मंजुरी दिली. हे माइटसाठीच तपासलेलं औषध, पाण्यातून द्यायचं, अंडी थांबवायची गरज नाही.

आणि त्याच वर्षी आपल्या यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तिकडे अंडी परत मागवली. इकडे फवारणाऱ्या माणसाच्या तोंडाला धड मास्कही नव्हता. अंड्यात किती उतरलं हे मोजायला प्रयोगशाळा आहेत, पण पुरचुंडी आपटणाऱ्या हाताचं कुणी मोजलं?

दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलंही नाही, सरळ सुटी पावडर कागदात बांधून दिली. "सगळ्यावर चालते." नाव? "पांढरी पावडर." म्हणजे आजीपासून आजपर्यंत पॅकिंगसुद्धा बदललेलं नाही. ती तिथंच ठेवून पशुवैद्यकाकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न माइटबद्दल नव्हताच.

"अंडी कोण खातं?"

माझी भाची. चार वर्षांची, रोज एक, अर्धं उकडलेलं. बलक आधी.

त्यांनी सांगितलं ते असं: जुन्या फळ्या जाळा, फटी उकळत्या पाण्यानं धुवा, वर चुना मारा. कोंबड्यांना लोळायला कोरडी माती आणि राख द्या. औषध लागलंच तर लेबल असलेलं, रिकाम्या खुराड्यात मारायचं, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत ते आधी विचारायचं. शनिवार-रविवार त्यातच गेला. बाबा चुना कालवता कालवता म्हणाले, "आईच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर तिनं केलं नसतं का?"

कोंबड्या आता आत झोपतात. ठिपके कमी झालेत, संपलेले नाहीत. दर आठवड्याला टॉर्च मारतो.

डबा राहिला. घंटागाडी आली तेव्हा मी तो हातात घेऊन गेटपर्यंत गेलो. गाडीवरचा काका कचरा हातानंच वेगळा करत होता, हातमोजे नाहीत. परत आलो. डबा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, वर मार्करनं 'विष' लिहून, पुन्हा पोटमाळ्यावर ठेवलाय.