बालरुग्णालये आणि लोकनिधी

बालरुग्णालये आणि लोकनिधी : केवळ बालकांच्या चिकित्सेसाठी असलेल्या रुग्णालयांची उभारणी व निर्वाह यांसाठी व्यक्ती, समाज, व्यापारी पेढ्या आणि उद्योगसंस्था यांच्याकडून ऐच्छिक रीतीने जमविला जाणारा पैसा. हा निधी स्थूलमानाने दोन प्रकारचा असतो. वास्तू व यंत्रसामग्री यांसाठी एकदाच लागणारा तो उभारणीनिधी आणि वेतन, औषधे, आहार, दुरुस्ती इ. बाबींसाठी प्रतिवर्षी लागणारा तो निर्वाहनिधी. पहिल्या प्रकारचा निधी जमविणे तुलनेने सोपे असते, कारण देणगीचे दृश्य फळ दात्याच्या नावाने उभे राहते. दुसऱ्याचे तसे नसते. महाराष्ट्रातील बालरुग्णालयांचा इतिहास पाहता, त्यांच्यापुढील बिकट प्रसंग बहुधा या दुसऱ्या निधीच्या अभावी उद्‌भवलेले दिसतात.

खर्चाचे स्वरूप : बालकांची चिकित्सा ही प्रौढांच्या चिकित्सेची लहान आवृत्ती नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकापासून बारा-चौदा वर्षांच्या मुलापर्यंत शरीराचे आकारमान सारखे बदलत असल्याने नळ्या, सुया, श्वसनयंत्रे इ. साधने निरनिराळ्या मापांची ठेवावी लागतात. औषधाची मात्रा वजनानुसार ठरवावी लागते. आजारी बालक स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही, त्यामुळे परिचारिकांची संख्या अधिक लागते आणि त्यांची देखरेख अहोरात्र असावी लागते. शिवाय बालकाबरोबर माताही रुग्णालयात राहते. तिच्या निवासाची व भोजनाची सोय करणे भाग पडते. मजुरी बुडवून आलेल्या कुटुंबाकडून या सर्व खर्चाची भरपाई होणे शक्य नसते. म्हणून बालरुग्णालये बहुतेक सर्व देशांत शासनाच्या अथवा लोकांच्या आश्रयावर अवलंबून राहिली आहेत.

पाश्चात्त्य देशांतील प्रारंभ : केवळ बालकांसाठी असलेले पहिले मोठे रुग्णालय पॅरिस येथे १८०२ मध्ये सुरू झाले. लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालय डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या प्रयत्नाने १८५२ मध्ये केवळ दहा खाटांनिशी उघडण्यात आले. त्याच्या साहाय्यार्थ कादंबरीकार चार्ल्स डिकिन्झ यांनी १८५८ मध्ये भाषण व जाहीर वाचन करून निधी मिळवून दिला. एकेका खाटेचा खर्च दात्याने उचलावा आणि त्या खाटेला त्याने सांगितलेले नाव द्यावे, ही पद्धतही अशा रुग्णालयांतून रूढ झाली. नाटककार जे. एम. बॅरी यांनी १९२९ मध्ये ‘पीटर पॅन’ या आपल्या कृतीचे हक्कच या रुग्णालयास दिले. ब्रिटिश संसदेने १९८८ च्या कायद्यान्वये त्या कृतीच्या ब्रिटनमधील स्वामित्वधनाचा लाभ रुग्णालयास कायमचा मिळावा, अशी तरतूद केली. एकरकमी देणगीऐवजी उत्पन्नाचे साधनच दान करण्याचे हे उल्लेखनीय उदाहरण होय.

पंचवटीची दानपरंपरा : उत्पन्नाचे साधन दान करण्याची ही रीत महाराष्ट्रास अपरिचित नव्हती. रुग्णालयांना देणग्या देण्याची प्रथा येथे एकोणिसाव्या शतकातील असली, तरी धर्मदायाच्या निर्वाहाची तरतूद करण्याची पद्धत त्याहून पुष्कळ जुनी आहे. गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटी हा नासिक शहराचा भाग या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. तेथील रामकुंडाचे बांधकाम १६९६ मध्ये चित्रराव खटारकर यांनी केले. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधविले. मंदिर बांधून दात्याचे कर्तव्य संपले, असे त्या काळी मानले जात नसे. नंदादीपाचे तेल, नैवेद्य, पूजा, उत्सव आणि सदावर्त यांसाठी इनाम जमिनी व वर्षासने लावून देण्याची चाल सर्वत्र होती. व्यापारी समाजाने याच तत्त्वाचा अवलंब निराळ्या रीतीने केला. मालाच्या प्रत्येक व्यवहारावर ‘लाग’ किंवा ‘धर्मादाय’ म्हणून ठरावीक अल्प रक्कम आकारून ती पांजरापोळ, पाणपोई, धर्मशाळा यांकडे वळविण्याची प्रथा पेठांतून होती. नासिक पंचवटी पांजरापोळ ही संस्था १८७८ मध्ये स्थापन झाली. अशा संस्थांना रोज खाणाऱ्या जनावरांसाठी रोजच्या उत्पन्नाची गरज असे आणि व्यापारावरील लाग हे त्याचे सोयीचे साधन होते.

या परंपरेस मर्यादाही होत्या. दानाने उभ्या राहिलेल्या वास्तूंचा लाभ सर्वांना सारखा मिळत नसे. काळाराम मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजास प्रवेश मिळावा, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला व तो काही वर्षे चालला. तीर्थक्षेत्री येणाऱ्या गोरगरिबांसाठी गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) लोकवर्गणीतून पंढरपूर, नासिक इ. ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. निराधारांना निवारा देणे हा या कार्याचा गाभा होता. दूरगावाहून रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांच्या निवाऱ्याचा प्रश्न याच जातीचा आहे.

मुंबईतील रुग्णालये : आधुनिक रुग्णालयांकडे दानाचा ओघ प्रथम मुंबईत वळला. सर जमशेटजी जिजीभाई यांनी सरकारनेही तेवढीच रक्कम घालावी या अटीवर एक लक्ष रुपये देऊ केले आणि त्यातून उभारलेले रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. दाता व शासन यांच्यातील भागीदारीचा हा नमुना पुढे अनेक ठिकाणी गिरविण्यात आला.

स्त्रिया व बालके यांच्या दृष्टीने १८८२-८३ मधील वैद्यकीय निधी महत्त्वाचा आहे. सोराबजी शापुरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी इंग्लंडहून स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी वर्गणी गोळा केली. ही वर्गणी इमारतीसाठी नसून प्रामुख्याने डॉक्टरांच्या प्रवासखर्चासाठी व वेतनाच्या हमीसाठी होती, हे तिचे वैशिष्ट्य. त्यानुसार डॉ. एडिथ पीची या १८८३ मध्ये मुंबईस आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इमारतीसाठी लाखाहून अधिक रुपये दिले आणि त्यांच्या नावाचे स्त्रिया व बालकांचे रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. उभारणीनिधी व निर्वाहनिधी यांचा असा मेळ त्यानंतर क्वचितच पडला.

गिरणगावात बालकांची स्थिती शोचनीय होती. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे. बाळंतपणासाठी अनेक स्त्रिया गावी जात असल्याने जन्मांची नोंद कमी होई व त्यामुळे हा आकडा काहीसा फुगलेला आहे. तरीही कामगारवस्तीतील दाटी, अस्वच्छता व दारिद्र्य यांची त्यावरून कल्पना येते. गिरणीमालक नौरोसजी वाडिया यांनी १८७९ मध्ये ‘बॉम्बे डाइंग’ या कंपनीची स्थापना केली होती. त्यांचे पुत्र सर कुसरो व सर नेस वाडिया यांनी परळ येथे १९२६ मध्ये वडिलांच्या नावाने प्रसूतिगृह आणि १९२९ मध्ये मातोश्री बाई जेरबाई यांच्या नावाने बालरुग्णालय स्थापन केले. केवळ बालकांसाठी असलेल्या देशातील आद्य रुग्णालयांत त्याची गणना होते. भारतातील बालरोगचिकित्सेचे एक प्रवर्तक डॉ. जॉर्ज कोएलो यांचे कार्य या रुग्णालयाशी निगडित होते. वास्तू दात्यांची आणि चालू खर्चात महानगरपालिका व शासन यांचा वाटा, अशी योजना कराराने ठरविण्यात आली.

या योजनेमुळे रुग्णालय अनेक दशके चालले. तथापि तिच्यातील दुर्बल सांधाही कालांतराने उघड झाला. अनुदानाची थकबाकी व व्यवस्थापन यांविषयीचे मतभेद विकोपास जाऊन जानेवारी २०२० मध्ये दोन्ही वाडिया रुग्णालयांतील सेवा बंद पडण्याची वेळ आली. कर्मचारी व रुग्णांचे पालक यांनी निदर्शने केली. राज्य शासनाने २४ कोटी व महानगरपालिकेने २२ कोटी रुपये देण्याचे ठरल्यानंतर हा प्रसंग टळला. नव्वद वर्षांपूर्वीची इमारत शाबूत होती. अडले होते ते वेतन व औषधे यांपाशी.

स्वातंत्र्योत्तर काळ : पालकांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या कार्याचे उदाहरण म्हणून फातिमा इस्माइल यांचा उल्लेख केला पाहिजे. मुलीस पोलिओ झाल्यानंतर तिच्या उपचारांसाठी केलेल्या खटपटीतून त्यांना इतर मुलांच्या गरजेची जाणीव झाली. डॉ. अ. वि. बाळिगा यांनी उपलब्ध करून दिलेल्या चौपाटीवरील जागेत १९४७ मध्ये त्यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. पुढे त्यातून अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था व हाजी अली येथील बालकांचे अस्थिव्यंग रुग्णालय ही विकसित झाली.

धर्मादाय संस्थांच्या नियंत्रणासाठी १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम करण्यात आला. त्यातील नंतरच्या तरतुदींनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवावयाच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे या रुग्णालयांनी देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. धनिकाच्या देयकातून निर्धनाच्या उपचाराचा खर्च भागविणारी ही तरतूद जुन्या व्यापारी ‘लागे’शी मिळतीजुळती आहे, फरक इतकाच, की ती ऐच्छिक नसून बंधनकारक आहे.

उद्योगसंस्थांचा वाटा : कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ अन्वये १ एप्रिल २०१४ पासून विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे आवश्यक झाले. आरोग्यसेवेचा समावेश अशा कार्यांत होतो. यामुळे रुग्णालयांना मोठे नवे आश्रयस्थान लाभले. मात्र हा खर्च वर्षावर्षाच्या हिशेबाने होतो. दीर्घ प्रकल्पालाही तो सुरू झालेले वर्ष सोडून तीन वर्षांचीच मुदत आहे. २०२१ च्या सुधारणेनंतर एखाद्या संस्थेच्या कायम ठेवीत दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. परिणामी कंपन्यांचा कल यंत्रे, रुग्णवाहिका, कक्षांचे नूतनीकरण अशा मुदतीत पूर्ण होणाऱ्या बाबींकडे राहणे स्वाभाविक आहे. पैसा विनियोगाविना पडून राहू नये, हा या नियमांचा हेतू रास्त असला, तरी व्याजावर निर्वाह चालविणारी ठेव त्यांतून उभी राहू शकत नाही.

नासिक येथील स्थिती : तीर्थक्षेत्र असलेल्या नासिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर या परिसरांत स्वातंत्र्योत्तर काळात मोठी औद्योगिक वाढ झाली. पंचवटीत महानगरपालिकेचे इंदिरा गांधी रुग्णालय आहे. मराठा विद्या प्रसारक समाज या १९१४ मध्ये आरंभ झालेल्या आणि लोकाश्रयावर वाढलेल्या संस्थेने १९९० मध्ये आडगाव येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. असे असले, तरी सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासीबहुल तालुक्यांतील नवजात बालकांचा भार प्रामुख्याने जिल्हा रुग्णालयावर पडतो. ऑगस्ट २०१७ मध्ये या रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ५५ अर्भके दगावली. त्यांपैकी पुष्कळशी अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची होती आणि अनेकांना प्रकृती खालावल्यावर तेथे आणण्यात आले होते. ऊबपेट्यांची संख्या अपुरी असल्याचेही त्या वेळी निदर्शनास आले.

ऊबपेटी ही दात्यास सहज देता येण्याजोगी वस्तू आहे. परंतु तिच्यातील अर्भकाजवळ रात्रंदिवस प्रशिक्षित परिचारिका असल्याशिवाय ती निरुपयोगी ठरते. त्या परिचारिकेच्या वेतनाची दीर्घकालीन तरतूद करणे हेच बालरुग्णालयांच्या लोकनिधीपुढील मुख्य कार्य आहे. वास्तूबरोबरच तिच्या निर्वाहाचे उत्पन्नही लावून देण्याची जी रीत पंचवटीतील देवस्थानांच्या दात्यांनी पाळली, तिचा रुग्णालयांच्या बाबतीत पूर्णपणे अवलंब अद्यापि झालेला नाही.